छप्पर नसलेला डबा आणि काचेआडचे लाउंज

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विमानतळावरील लाउंज हा समाजवाद्यांच्या अभ्यासवर्गाचा विषय कसा होऊ शकतो, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. ज्या देशातील बहुसंख्य जनतेने विमानात पाऊल ठेवलेले नाही, तेथे धनिकांच्या विश्रांतिकक्षाची चर्चा कशासाठी? परंतु विषमता जेथे गणित मांडून, आखून-रेखून उभी केली जाते, ते ठिकाण अभ्यासण्याजोगे असते. लाउंज हे असे ठिकाण आहे.

मुंबईहून अमेरिकेला निघालेले विमान मध्यरात्रीनंतर दोहाला उतरते. पुढच्या विमानाला सहा-सात तासांचा अवधी असतो. एकाच विमानातून एक कंपनी-अधिकारी आणि मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेले एक वृद्ध जोडपे उतरले, अशी कल्पना करा. अधिकाऱ्याचे तिकीट बिझिनेस क्लासचे, कंपनीने काढलेले. तो ‘अल मुरजान’ लाउंजमध्ये जातो. तेथे सुमारे १०,००० चौरस मीटरांचा विस्तार, मध्यभागी संथ पाण्याचा हौद, गरम जेवण, स्नानगृहे अशी सर्व सोय आहे. जोडपे दुकानांच्या झगमगाटात बसायला जागा शोधते. दोघांचे विमान एक, थकवा एक; किंबहुना वयोमानाप्रमाणे जोडप्याचा थकवा अधिक. विश्रांती मात्र थकव्याच्या प्रमाणात मिळत नाही, तिकिटाच्या प्रमाणात मिळते.

ही व्यवस्था कशी घडत गेली? १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडमिरल्स क्लब’ उघडला. आरंभी तेथे कंपनीच्या मर्जीतील निमंत्रितांनाच प्रवेश होता. पुढे वर्गणी भरणाऱ्यांना तो मिळू लागला. १९७८ साली अमेरिकेने विमानवाहतुकीवरील भाडेनियंत्रण उठविण्याचा कायदा केला. स्वस्त तिकिटांची स्पर्धा वाढत असतानाच पूर्ण भाडे देणाऱ्यांना वेगळे काढणारा बिझिनेस क्लास त्या सुमारास रूढ झाला. १९८१ मध्ये त्याच कंपनीची, मैल मोजून बक्षीस देणारी योजना आली. १९९२ पासून ‘प्रायॉरिटी पास’ने अनेक कंपन्यांची लाउंजे एका सभासदत्वाखाली आणली आणि पुढे बँकांच्या कार्डांनी हे दार आणखी सैल केले. लाउंजच्या दाराशीच रांगा लागू लागल्या! मग काय झाले? न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर डेल्टा कंपनीने जून २०२४ मध्ये केवळ आपल्या सर्वांत वरच्या वर्गासाठी निराळे लाउंज उघडले, आणि फेब्रुवारी २०२५ पासून जुन्या क्लबांतील कार्डधारकांच्या फेऱ्यांवर मर्यादा घातली. दार सर्वांना उघडले की आत दुसरे दार बसविले जाते. कारण तेथे विकली जाणारी वस्तू खुर्ची नाही. इतरांपासूनचे अंतर ही ती वस्तू आहे.

हे मर्म विमानाच्या कितीतरी आधी एका फ्रेंच अभियंत्याने ओळखले होते. झ्यूल द्युप्युई याने १८४९ मध्ये रेल्वेच्या वर्गवारीचे विवेचन केले. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्पर नसे आणि बसायला लाकडी फळ्या असत. छपराला येणारा खर्च क्षुल्लक होता. मग ते का नव्हते? द्युप्युईच्या मते कंपनीला गरिबांना छळण्यात रस नव्हता. दुसऱ्या वर्गाचे भाडे ज्यांना परवडते, त्यांनी तिसऱ्या वर्गात बसू नये, यासाठी तिसरा वर्ग मुद्दाम असह्य ठेवला जाई. गरिबाच्या डोक्यावरील ऊन हे श्रीमंताला दाखविलेले भय होते. जी गोष्ट डब्याची, तीच प्रतीक्षालयाची. बाहेरचा कक्ष शांत, स्वच्छ आणि आडवे होण्याजोगा असेल, तर लाउंजसाठी पैसे कोण मोजील?

आता आपल्या देशाकडे वळू. दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ २००६ साली खाजगी चालकांकडे गेले. जमीन मात्र सार्वजनिकच राहिली. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमानवाहतूक धोरणाने असे तत्त्व घालून दिले की, दुकाने, जाहिराती, लाउंज इत्यादींपासूनच्या उत्पन्नाचा केवळ ३० टक्के भाग विमानतळ-शुल्क ठरविताना जमेस धरावा. उरलेला ७० टक्के भाग प्रवाशांवरील शुल्क कमी करण्याच्या कामी येत नाही. याचा अर्थ सरळ आहे. प्रत्येक चौरस फूट दुकानाला वा लाउंजला देण्यात चालकाचे हित आहे. बाक भाडे देत नाही. सार्वजनिक भूमीवरील सार्वजनिक बाक अशा रीतीने हिशेबातून नाहीसा होतो.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, लांबच्या विमानाच्या खर्चाचा मोठा वाटा बिझिनेस क्लासचे प्रवासीच उचलतात, म्हणून मागच्या रांगांतील भाडे आटोक्यात राहते. या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो हिशेब विमानातील आसनाचा झाला. विमानतळाचा कक्ष ही सामाईक मालमत्ता आहे, आणि तेथे वापरकर्ता-शुल्क सामान्य प्रवाशाच्या तिकिटातूनही वसूल केले जाते. शिवाय कार्डावर ‘फुकट’ मिळणारे लाउंज फुकट नसते. क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर दुकानदार शुल्क भरतो, ते मालाच्या किमतीत मिसळते आणि रोख पैसे देणारा गिऱ्हाईकही त्याचा भार वाहतो.

लाउंजच्या टेबलावर बशी ठेवणाऱ्या हातांचाही विचार केला पाहिजे. कतारमधील श्रमिकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक परदेशांतून आलेले आहेत. राबणाऱ्यांवाचून हे वैभव एक दिवसही चालत नाही, याचा प्रत्यय लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ऑगस्ट २००५ मध्ये आला. विमानातील जेवण पुरविणाऱ्या ‘गेट गुर्मे’ कंपनीने सुमारे ६७० कामगारांना बडतर्फ केले. त्यांत दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. ब्रिटनमध्ये सहानुभूतीचा संप बेकायदा असूनही ब्रिटिश एअरवेजच्या जमिनीवरील कर्मचाऱ्यांनी काम थांबविले. एक लाखाहून अधिक प्रवासी खोळंबले. त्या दिवशी पुढच्या रांगेतील आणि मागच्या रांगेतील प्रवासी सारखेच जमिनीवर होते.

मग समाजवाद्यांची मागणी कोणती असावी? लाउंजच्या काचा फोडाव्यात, अशी ती नव्हे. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. १९७४ साली भारतीय रेल्वेतील तिसरा वर्ग रद्द झाला. परंतु पाटी बदलली तरी प्रवाशाच्या पाठीखालची लाकडी फळी तीच राहिली. १९७७ ते १९७९ या काळात राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळीवर दोन इंच फोम बसविण्यास आरंभ केला. पहिल्या वर्गाची गादी त्यांनी काढून घेतली नाही. खालच्या वर्गाचा त्रास हे वरच्या वर्गाचे तिकीट खपविण्याचे साधन असता कामा नये, एवढे त्यांनी कृतीने सांगितले. द्युप्युईच्या छप्पर नसलेल्या डब्याला भारतीय समाजवादाने दिलेले ते उत्तर होते.

हे विमानतळावरही अशक्य नाही. सिंगापूर हा काही समाजवादी देश नव्हे. तरी तेथील सरकारी मालकीच्या चांगी विमानतळावर कोणत्याही प्रवाशाला विनामूल्य पहुडण्याच्या जागा आहेत. दोहातही सर्वांसाठी शांत कक्ष आहेत. तेव्हा आपल्या विमानतळांच्या करारांत प्रवासीसंख्येच्या प्रमाणात विनामूल्य आसने, रात्री आडवे होण्याची जागा आणि परवडणारे अन्न यांची अट असली पाहिजे.

आणि ही मागणी विमानतळाशी थांबविता येणार नाही. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु तालुक्याच्या स्थानकावर रात्रीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या बाईला धड बाक, प्यायचे पाणी आणि कडी लागणारे स्वच्छतागृह मिळते काय? प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्याच्या स्थानकात एक रात्र बसून पाहावे, बाक आणि नळ मोजावेत, आणि ती यादी घेऊन आगारप्रमुखाकडे जावे. दोन इंचांचा लढा तेथूनच सुरू होतो.