ग्रामसभेतली रिकामी सतरंजी

पहाटे चाकणजवळच्या महाळुंग्याच्या किंवा निघोज्याच्या रस्त्यावर जरा थांबून पाहा. कंपनीच्या बसची वाट पाहत पोरांची रांग उभी असते. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, डोळ्यांत अजून झोप. कुणी लातूरकडचं, कुणी परभणीकडचं, कुणी बिहारमधून आलेलं. त्याच रस्त्यानं गावातला दूधवाला किटल्या घेऊन जातो आणि वाटेतल्या ओळखीच्या माणसांना हाका मारतो. रांगेतल्या पोरांना मात्र तो नावानं ओळखत नाही. ती त्याच्याच गावात राहतात, कित्येक तर त्याच्या चुलत्यानं बांधलेल्या खोल्यांमध्ये राहतात, तरीही. आज मला बोलायचं आहे ते या एका गावात राहणाऱ्या दोन गावांबद्दल.

शेतीच्या गावापासून कारखान्यांच्या शहरापर्यंतचा प्रवास पिंपरी-चिंचवडनं आधी केला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि शेतांच्या बांधांवरून कारखान्यांच्या भिंती उठल्या. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या तेव्हा ग्रामपंचायती होत्या. १९७० मध्ये त्या चार मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. १९९७ साली आणखी गावं आत आली. आज भोसरीतल्या तरुणाला 'आमची ग्रामपंचायत' हे शब्द आजोबांच्या तोंडूनच ऐकायला मिळतात.

पुढे उद्योग इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात गेले. किल्ले संग्रामदुर्ग आणि फिरंगोजी नरसाळ्यांचं चाकण, कांद्याच्या आणि बैलांच्या बाजाराचं चाकण, बघता बघता मोटारींचं चाकण झालं. २०१५ मध्ये तिथं नगरपरिषद आली. पण कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खालुंब्रे, सावरदरी अशा भोवतालच्या गावांनी कारखाने, ट्रक, चाळी, खानावळी हा सगळा भार ग्रामपंचायतीच्याच खांद्यावर पेलला.

या खांद्यांची ताकद किती? आपल्या ग्रामपंचायत कायद्याचा पाया १९५८ सालचा. सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते, कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त सतरा. साडेसात हजारांच्या पुढं गाव कितीही वाढलं तरी सतराच. आणि लोकसंख्या धरायची कुठली? २०११ च्या जनगणनेतली. त्यानंतर गावात कितीतरी चाळी उठल्या, पण वित्त आयोगाचा निधी ठरताना हिशोबाला येतात ती २०११ ची माणसं. पाणी मात्र आज राहणारी माणसं पितात, कचरा आजची माणसं करतात आणि तो टाकायला गावाकडं जागा नसते. रस्त्याकडेला साचलेले ढीग पाहून आपण सरपंचांना बोल लावतो. त्यांच्याकडून कधी कसूर होतही असेल, पण निम्मी माणसं मोजलीच नाहीत तर कुणीही कारभारी पुरा पडणार नाही.

गावकऱ्यांची बाजूही मला ठाऊक आहे. मी याच पट्ट्यातल्या शाळेत शिकवलं. भूसंपादनात जमीन गेली, पैसा आला आणि गेला, उरलेल्या गुंठ्यांवर खोल्या बांधल्या. शेतीऐवजी भाड्यावर घर चालू लागलं. भैरवनाथाची यात्रा आणि बैलगाडा शर्यतींचा घाट हे आपलेपण जपणारे शेवटचे धागे. अशा वेळी बाहेरून आलेल्यांची नावं मतदारयादीत चढली तर पंचायत हातातून जाईल, ही भीती खोटी नाही. ज्यांची जमीन गेली त्यांच्या भीतीला मी तरी हसणार नाही.

एकदा औसा भागातून आलेल्या एका मुलाला मी विचारलं, "बाळा, ग्रामसभेला येतोस का?" तो म्हणाला, "सर, आमचं नाव तिकडं गावाकडं हाय. इथं आम्ही भाड्यानं राहतो." किती वर्षं झाली, असं विचारलं तर म्हणाला, नऊ. नऊ वर्षं. त्याची मुलगी इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत होती. शाळेत तिला कुणी विचारलं नव्हतं की तुझ्या बापाचं मत कुठं आहे. ती गावच्या मुलींबरोबर एका पंगतीत पोषण आहार जेवत होती. या पट्ट्यातली दोन्ही गावं खऱ्या अर्थानं एकत्र बसतात ती मी तरी फक्त तिथंच पाहिली.

कायदा या मुलाला परका मानत नाही. गावाच्या मतदारयादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. यादीत नाव यायला घर मालकीचं लागत नाही, नेहमीचं राहणं तिथं असावं लागतं. जुन्या गावाहून नाव इकडं आणायचं तर मतदार नोंदणीचा नमुना ८ भरायचा. योगायोग असा की ग्रामपंचायतीच्या दप्तरातही नमुना ८ आहे, कर आकारणीचा. त्या नमुन्यात या चाळी नोंदल्या जातात. चाळीत राहणारी माणसं मतदार नोंदणीच्या नमुन्यात यायला हवीत.

अडचणी आहेत. गावाकडची जमीन, रेशनकार्ड, म्हाताऱ्या आईवडिलांची ओढ, यांमुळं पुष्कळांना नाव हलवायचं नसतं. त्यांच्यावर कुणी सक्ती करू नये. पण नाव नसलं तरी गाऱ्हाणं ऐकायला काय हरकत आहे? ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. चाळीतल्या बायकांना तिथं बोलावून नुसतं बसवा. नळाला पाणी किती वाजता येतं आणि अंधाऱ्या रस्त्यानं पाळीवरून परतताना कुठं भीती वाटते, हे त्यांच्याइतकं नेमकं कोण सांगेल?

आणखी एक गोष्ट. आपल्याकडं ग्रामसभेची जुनी रीत चार दिवसांची आहे: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. बहुतेक कारखाने याच दिवशी बंद असतात. कामगार त्या दिवशी खोलीवरच असतो, कपडे धुतो, गावाकडं फोन लावतो. पन्नास पावलांवर देवळासमोर सतरंजी अंथरलेली असते आणि तिचा निम्मा भाग रिकामा असतो. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब झाल्याचं आपण किती वेळा ऐकतो!

चाळीतल्या कामगाराला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. दवंडी गावठाणात फिरते, नोटीस पंचायतीच्या फलकावर लागते. चाळी असतात गावठाणाबाहेर, जुन्या शेतांत. तेव्हा सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेची नोटीस निघेल तेव्हा तिची एक प्रत खानावळीच्या भिंतीवर लावा, मराठीत आणि हिंदीतही. रात्री पोरं तिथं जेवायला येतातच.