वही आणि ताटी

मायबाप हो, परवा भिवंडीत कीर्तन आटोपलं आणि एक माग कामगार पोरीची वही घेऊन आला. "महाराज, दहावीला आहे, अभ्यास सोडून कविता करते. समजवा तिला."

आता तुम्हीच सांगा! आपली मुक्ताई परंपरेनं शके 1201 ची, शके 1219 ला अंतर्धान पावली. आयुष्य अवघं 18 वर्षांचं. जनांच्या बोलण्यानं ज्ञानोबा रुसले, ताटी लावून बसले. बाहेर उभी कोण? सगळ्यांत धाकटी! दादाला उपदेश केला, तोही अभंगातून बरं का. ताटी उघडली. पुढं वयोवृद्ध चांगदेव तिलाच शरण आले.

मी वही न उघडता परत दिली. "आधी तिच्याकडून ऐका."

"मागावर कान गेलेत, महाराज."

"मग तिला मोठ्यानं वाचू दे."