पदवीचे पहिले वर्ष

गावाकडून पुण्यात पदवीसाठी आलेल्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष कार्यालयाच्या खिडकीपुढच्या रांगेत सुरू होते. हातात शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि त्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा असतो. एखादा कागद राहिला, की गावाची एक फेरी वाढते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. पैसे खात्यात पडायला महिनेच्या महिने जाऊ शकतात. खोलीभाडे तेवढे थांबत नाही.

वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तम. नाहीतर कॉट बेसिसवर एका खोलीत तिघे-चौघे राहतात. जेवण मेसचे. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, हा बऱ्याच मेसचा नेम. त्या रात्री वडापाव किंवा घरून आलेल्या चटणीवर भागवले जाते. हे खर्च बारीक असले, तरी महिन्याचा हिशेब त्यांनीच बिघडतो, आणि घरी पुन्हा पैसे मागणे मुलांच्या जिवावर येते.

अभ्यासातली अडचण याहून मोठी. बारावीचे पुस्तक इंग्रजी असले, तरी गावातल्या वर्गात ते समजावले जाते बहुधा मराठीतच. इथे तास इंग्रजीत, नोट्सही इंग्रजीत. विज्ञान शाखेत त्यात प्रॅक्टिकलच्या जर्नलची भर पडते. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती, उजवीकडे रेघांवर कृती, निरीक्षणे आणि निष्कर्ष, मग अनुक्रमणिकेत सरांची सही. प्रयोग हाताला छान जमतो, पण निष्कर्षाच्या दोन ओळी लिहायला शब्द सापडत नाहीत, असा विद्यार्थी इथे मागे पडतो. बुद्धीत तो कुठेही कमी नसतो. सुरुवातीचे काही आठवडे कोणी मराठीतून विषय उलगडून दिला, तर तो इतरांच्या बरोबरीने चालू लागतो. हे काम अनेकदा वसतिगृहातले सीनियर करतात.

म्हणून महाराष्ट्रात वसतिगृहांचे मोल फार मोठे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आधार दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले, आणि १९४७ साली तिथेच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. राबून शिकणाऱ्या मुलांसाठीच ते होते. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण मुलामुलींना अल्प खर्चात आसरा देत आली आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेतले विद्यार्थी ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासांवर काम करतात. त्या पैशात मेसचा काही भार उचलला जातो, आणि कार्यालयातल्या माणसांशी बोलण्याची भीडही चेपते.

दिवाळीच्या आगेमागे पहिल्या सत्राची परीक्षा येते. एखादा विषय राहिला तर एटीकेटीने पुढचा मार्ग मोकळा राहतो. नव्या शैक्षणिक धोरणात आणखी एक सोय आहे. घरच्या अडचणीमुळे वर्षानंतर शिक्षण सोडावे लागले, तर ठरलेले श्रेयांक आणि कौशल्याचा एक लहान अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते. मिळवलेले श्रेयांक जमा राहतात, आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन पदवी पुरी करता येते. लग्नामुळे किंवा वडिलांच्या आजारपणामुळे ज्यांचे कॉलेज सुटते, त्या मुलींपर्यंत ही माहिती प्रवेशाच्या दिवशीच पोचायला हवी.