घराचे काम आणि ठेकेदाराची पारख



लकडगंजातल्या श्रोत्यांना लाकडाविषयी सांगणे हे धाडसच आहे. येथे आरागिरण्यांच्या आवाजातच पोरे मोठी होतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडील सागवानाचा गाभा कोणता आणि कडेचे फिकट लाकूड कोणते, हे नजरेने सांगणारे पुष्कळ आहेत. पण ते लाकूड ज्याच्या हाती द्यायचे, त्या माणसाची पारख आपण कशी करतो?

आरंभ आमच्याच फजितीपासून करतो. आमचे घर जुने, कवेलूंचे. मागची खोली म्हाताऱ्या आईसाठी नीट करून घ्यायची होती. तीन ठेकेदारांनी आकडे सांगितले. सर्वांत कमी आकड्यावर आम्ही भाळलो. माणूस ओळखीतून आलेला, म्हणून कागद करा म्हणायला भीड वाटली. त्याने अर्धी रक्कम उचल मागितली, आम्ही दिली. मे महिन्यात त्याने कवेलू उतरवले आणि दुसऱ्या कामावर निघून गेला. मृगाचा पाऊस आला तेव्हा आई शेजाऱ्यांच्या ओसरीवर होती आणि आम्ही ताडपत्रीची टोके धरून उभे होतो. पुढे काम कसेबसे संपले, पण श्रावणात दारे फुगली ती लागेनात.

दोष त्याचा होताच. पण आमचाही होता. तीन आकडे आम्ही ताडून पाहिले, ते आकडे कशाचे हे मात्र विचारले नाही. चौकटीचेच पाहा. सात फुटांचे दोन उभे आणि चार फुटांचा एक आडवा, असे अठरा फूट लाकूड 4 इंच बाय 3 इंच धरले तर दीड घनफूट होते. तेच साडेतीन बाय अडीच भरले तर 1.1 घनफुटाच्याही आतच! माप रंधा मारण्यापूर्वीचे की नंतरचे, एवढे लिहून न घेतल्यास चौथ्या हिश्श्याहून अधिक लाकूड जागच्या जागी नाहीसे होते.

पुढे दुसरा मिस्त्री मिळाला. पहिल्या भेटीत त्याने आकडा सांगितलाच नाही. उलट आम्हालाच प्रश्न विचारले. मधली भिंत काढा म्हटले, तर म्हणाला, “साहेब, हिच्यावर तुळई बसली आहे. इंजिनियरला दाखवल्याशिवाय मी हात लावणार नाही.” हातचे काम जाईल हे ठाऊक असून जो ‘नाही’ म्हणतो, त्याच्यावर भरवसा ठेवावा.

त्याचे नवे काम पाहू नये, दोन पावसाळे खाल्लेले पाहावे. नागपूरचा मे लाकूड आटवतो आणि श्रावण फुगवतो. न वाळवलेले लाकूड तेथे उघडे पडते. त्या घरमालकाला एकच विचारावे: पैसे चुकते झाल्यावर बोलावले, तेव्हा तो आला का?

मग कागद करावा. साहित्य, मापे, मुदत त्यात असावी. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. नवे लाकूड आवारात येऊन पडल्याशिवाय जुने छप्पर उतरवू देऊ नये. थोडी रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावी, पण टप्पा पुरा होताच त्याचे पैसे त्याच दिवशी द्यावेत. मजुरांची चूल त्यावर पेटते. मध्येच आपले मन बदलले तर तेही लिहून वाढीव दाम द्यावा.

1872 च्या करार कायद्याने तोंडी करारही करारच आहे. पण तो सिद्ध करायचा कशाने? घरबांधणी ही सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये दिला. 2019 च्या कायद्यातही तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. मात्र तेथेही पहिला प्रश्न कागदाचाच.

भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या आयाबाया सांगत आल्या. लिहून मागणे हा अविश्वास नव्हे. आमच्या मिस्त्रीने कागदावर सही केली आणि म्हणाला, “बरे झाले, आता तुम्हीही बांधले गेलात.” त्याने घातलेल्या छपराखाली आईने पुढचा पावसाळा आपल्याच खोलीत काढला.