नेपथ्य : एका शब्दाचा प्रवास

कोंकणकिनाऱ्यावरील मिठबावसारख्या गांवीं जत्रेच्या रात्रीं दशावतारी नाटक उभें राहतें, तेव्हां प्रेक्षकांच्या दृष्टीस पडणारें साहित्य फारच थोडें असतें. देवळापुढील मोकळी जागा, मध्यभागीं एक बांकडें, बाजूस पेटी, मृदंग आणि झांज वाजविणारे. एवढीच ती रंगभूमि. राजवाडा नाहीं, अरण्यहि नाहीं. तेंच बांकडें कधीं सिंहासन होतें, तर कधीं पर्वत. या नाटकास नेपथ्य नाहीं, असें शहरांतील प्रेक्षक सहज म्हणून जाईल. परंतु शब्दाचा मूळ अर्थ पाहिला, तर हें विधान टिकत नाहीं.

संस्कृतांत नेपथ्य म्हणजे वेषभूषा. अमरकोशानें हा शब्द वेष आणि प्रसाधन यांच्याच पंक्तींत बसविला आहे. वेष जेथें चढवावयाचा, त्या जागेसहि तेंच नांव मिळालें. भरताच्या नाट्यशास्त्रांतील मध्यम नाट्यगृह 64 हात लांब व 32 हात रुंद. त्याच्या रूढ मांडणीप्रमाणें सर्वांत मागील 16 हातांचा पट्टा नेपथ्यगृहाचा. प्रत्यक्ष अभिनयास जेवढी जागा, तेवढीच न दिसणाऱ्या तयारीस! कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या आरंभीं हे दोन्ही अर्थ जवळजवळ भेटतात. सूत्रधार नेपथ्याकडे पाहून, नेपथ्य आटोपलें असल्यास इकडे ये, असें नटीस सांगतो. आणि थोड्याच वेळानें मृगावर बाण रोखणाऱ्या दुष्यंतास आवरणारा आवाज नेपथ्यांतूनच येतो.

मराठी रंगभूमीवर या शब्दानें आणखी एक वळण घेतलें. विष्णुदास भावे यांनीं 1843 सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, त्यानंतरच्या काळांत रंगविलेले पडदे आले, मग खरे दरवाजे-खिडक्या असलेले उभे देखावे आले, आणि आज नेपथ्य म्हणजे रंगमंचावरील देखावा असाच अर्थ जाहिरातींत व श्रेयनामावलींत रूढ आहे. पडद्यामागील गोष्टीचें नांव पडद्यापुढील गोष्टीस लागलें.

दशावतारांत मात्र जुना अर्थ जिवंत आहे. देवळाच्या आवारांतील पडवींत अथवा जवळच्या खोलींत पेटारे उघडले जातात. या पेटाऱ्यांस पूजेचा मान असतो. नट आरशापुढें बसून आपला चेहरा आपणच रंगवितो. स्त्रीवेषहि पुरुषच घेतो, आणि लुगडें नेसतां नेसतां त्याची चालहि बदलते. परंतु तेथें वेषाहून मोठी एक गोष्ट सिद्ध होत असते. गणपति, सरस्वती, संकासुर यांचा पूर्वरंग आटोपल्यावर जें आख्यान लागतें, त्यास परंपरेनें लिहिलेली संहिता नसते. राजा कोण, राक्षस कोण, कोणता प्रवेश कोणामागून यावयाचा, हें जाणता नट रंगतां रंगतां इतरांस सांगतो. संवाद पुढें बांकड्यापाशीं ऐन वेळीं सुचतात. त्यांची दिशा मात्र या पडवींत ठरलेली असते.

म्हणूनच या जागेचें मोल अधिक आहे. छापील नाटक कपाटांत पन्नास वर्षें राहिलें, तरी पुन्हां उघडतां येतें. दशावतारी आख्यानाचें कपाट म्हणजे नटाची स्मृति. शेजारीं बसून तोंडास रंग लावणारा पोरगा ती कथा ऐकतो, कोठें थांबावें व कोठें आवाज चढवावा हें उचलतो, आणि पुढें तोच दुसऱ्यास सांगतो. ही बैठक मोडली, तर मुकुट व गदा वस्तुसंग्रहालयांत जपतां येतील, आख्यान जपतां येणार नाहीं.

एखादा मनुष्य लोकांच्या दृष्टिआड झाला, कीं तो नेपथ्यांत गेला, असें आपण म्हणतों, आणि त्यांत विस्मृतीचा सूर असतो. नाट्यधर्म निराळें सांगतो. नट नेपथ्यांत जातो तो पुन्हां रंगभूमीवर येण्यासाठीं. पहांटे दहीहंडी फुटते, दशावतार संपतो, नट पडवींत परत येऊन रंग पुसतात व पेटारे बांधतात. दुसऱ्या रात्रीं दुसऱ्या गांवच्या देवळांत तेच पेटारे पुन्हां उघडावयाचे असतात.