दंतवैद्यांचे निदान आणि रुग्णाचे आकलन

‘छत्तीस नंबरच्या दाढेची कीड खोल गेली आहे, रूट कॅनॉल करून कॅप बसवावी लागेल,’ या दंतवैद्यांच्या एका वाक्यात निदान, उपचार आणि पुढच्या भेटींची गरज हे सारेच आलेले असते. परंतु तोंडात 32 दात असताना छत्तिसावी दाढ कोठून आली, याच विचारात रुग्ण अडकून पडतो. या क्रमांकातील पहिला अंक जबड्याचा भाग दाखवतो आणि दुसरा अंक समोरच्या मधल्या दातापासून मोजलेले स्थान दाखवतो. म्हणून 36 म्हणजे खालच्या जबड्यातील डाव्या बाजूची पहिली कायमची दाढ होय. ती साधारण सहाव्या वर्षी, दुधाचा कोणताही दात न पडता मागच्या मोकळ्या जागी उगवते, त्यामुळे अनेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि तिची कीड दुर्लक्षित राहते.

त्याहून अधिक घोटाळा वेदनेविषयी होतो. दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणात, म्हणजे एनॅमलमध्ये, नसा नसतात, त्यामुळे तेथवरची कीड दुखत नाही. ती आतल्या डेंटिनपर्यंत गेली की थंड वा गोड पदार्थाने ठणका येऊ लागतो, आणि नसा व रक्तवाहिन्या असलेल्या दंतमज्जेला सूज आली की रात्रीची झोप उडते. पुढे ही मज्जा मृत झाली तर दुखणे आपोआप थांबते, परंतु जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाकडे सरकतच असतो. रूट कॅनॉलमध्ये हीच मज्जा काढून मुळातील नलिका स्वच्छ करतात व भरून बंद करतात; बरीच झीज झालेली दाढ चावताना फुटू नये म्हणून तिच्यावर कॅप बसवतात. पहिल्याच भेटीनंतर ठणका थांबल्यामुळे जो रुग्ण परत येत नाही, त्याच्या दाढेतील तात्पुरते सिमेंट झिजते आणि जंतूंना पुन्हा वाट मिळते, हे त्याला आधीच सांगितले गेले पाहिजे.

‘समजले ना?’ या प्रश्नाला संकोचाने होकारच मिळतो. त्याऐवजी क्ष-किरण चित्रातील काळसर भाग दाखवून, ‘घरी विचारले तर काय सांगाल?’ असे दंतवैद्यांनी विचारले, तर राहिलेली शंका तेथेच उघड होते. आणि उपचार न केल्यास काय होईल, दुसरा पर्याय कोणता, एकूण किती भेटी लागतील, हे रुग्णानेही खुर्चीतून उठण्यापूर्वी निःसंकोचपणे विचारावे.