व्हिसा झाला, पण मोतीचं काय?

आज थेट मुद्द्यावर. ‘जर्मनीत जॉब लागलाय, दोन महिन्यांत जॉइन व्हायचंय, आमच्या मोतीला नेता येईल ना?’ येईल, पण दोन महिन्यांत नाही.

रेबीजच्या बाबतीत युरोपियन युनियन ज्या देशांना सूट देतं, त्यांत भारत नाही. त्यामुळे कुत्रा असो की मांजर, क्रम ठरलेला. आधी १५ अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. चिपच्या आधी दिलेली लस तिकडे धरत नाहीत, मग तुम्ही दरवर्षी कितीही नेमानं टोचून घेतलेली असो! चिप बसवून पुन्हा टोचायचं. त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, ते त्यांनी मान्य केलेल्या लॅबमध्येच तपासायचं आणि रक्त काढल्यापासून ३ महिने थांबायचं. झाले ना चार महिने?

म्हणून व्हिसाची वाट बघू नका. पुढचे बूस्टर वेळेत दिलेत, तर ही टेस्ट पुन्हा करावी लागत नाही.

क्रेटसुद्धा आत्ताच आणा. दार उघडं ठेवा, जेवण त्यातच द्या. आणि झोपेची गोळी नको हां, विमानात श्वासाला त्रास होऊ शकतो.

वेळ कमीच असेल, तर तुम्ही पुढे जा, मोती आई-बाबांकडे राहील. पण न्यायला परत तुम्हीच या. तुमच्या आणि त्याच्या प्रवासात ५ दिवसांहून जास्त अंतर पडलं, की व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात.